वाडा पाहिला, कचेरी राहिली

गेल्या हिवाळ्यात पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेच्या सातवीच्या वर्गाबरोबर मी सुरुल या गावी गेलो होतो. बोलपूर स्थानकावर उतरणारे पर्यटक थेट शांतिनिकेतनकडे वळतात. अवघ्या काही किलोमीटरवरचे सुरुल बहुतेकांच्या यादीत नसते. येथे सरकार आडनावाच्या जमीनदार घराण्याची ‘राजबाडी’ आहे. प्रशस्त अंगण, उंच कमानींचे पूजादालन आणि जवळच भाजलेल्या मातीच्या नक्षीची जुनी मंदिरे. शाळेने मुलांच्या हाती प्रश्नांचा एक छापील कागद दिला होता. कमानी किती? खांब किती? मंदिराच्या भिंतीवर रामायणातील कोणते प्रसंग ओळखता येतात? मुलांनी अर्ध्या तासात कागद भरला आणि ती बसकडे पाहू लागली. त्यांना दोष देता येणार नाही. विचारले तेवढे त्यांनी सांगितले होते.

कागदावर नव्हता तो प्रश्न एकच होता: हे सारे उभे राहिले कशावर? सुरुलपुरते त्याचे उत्तर विलक्षण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी प्रतिनिधी जॉन चीप याची वखार येथेच होती. विणकरांना आगाऊ उचल द्यायची आणि ठरल्या भावाने कापड घ्यायचे, अशी ती रीत. चीपने नीळ आणि साखरेच्या धंद्यातही हात घातला. 1828 मध्ये तो वारला, तेव्हा त्याचा दरारा एखाद्या राजासारखा होता. विल्यम हंटर यांनी 1868 च्या आपल्या ग्रंथात त्याच्या वैभवाचे चवीने वर्णन केले आहे. सुरुलचे सरकार घराणे कंपनीच्या याच व्यापारातून वर आले. 1793 च्या कायमधारा पद्धतीने मुदतीत सारा न भरणाऱ्यांच्या जमीनदाऱ्या लिलावात निघू लागल्या आणि व्यापारात पैसा केलेल्यांना बंगालभर जमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे त्या अंगणाच्या मागे मागावर बसलेला विणकर आहे, निळीच्या शेतातला मजूर आहे आणि खंड भरणारे कूळ आहे. सातवीच्या मुलांना हे कळणार नाही, असे मानणाऱ्यांनी त्या वयाच्या मुलांशी पैशाविषयी कधी बोलून पाहावे.

वाडा दाखवायचा आणि कचेरी वगळायची, ही सवय एकट्या बंगालची नाही. देशभर अशा कित्येक वास्तूंची आता हॉटेले झाली आहेत. तेथे गतकाळ म्हणजे झुंबरे, पलंग आणि शिकारीची छायाचित्रे. हॉटेलचे समजू शकते. त्याला खोली विकायची असते. शाळेला काय विकायचे असते?

धोरणाच्या पातळीवर ही संधी आज जितकी मोठी आहे तितकी पूर्वी क्वचितच होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. 2024 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वेही आली. त्याच धोरणात देशातील 100 पर्यटनस्थळे निवडून तेथे विद्यार्थ्यांना इतिहास अभ्यासण्यासाठी पाठवावे, असेही म्हटले आहे. पण ज्या मुख्याध्यापकांबरोबर मी गेलो होतो, त्यांच्या टेबलावरचा परवानगीचा अर्ज मी वाचला. त्यात बसचा क्रमांक होता, चालकाचा परवाना होता, पालकांची संमती होती. हे सारे हवेच. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. त्यानंतर या रकान्यांना कोणी फालतू म्हणू नये. मात्र मुले तेथे जाऊन काय शिकणार, यासाठी त्या अर्जात एक ओळही नव्हती.

ब्रिटनने हा प्रश्न टाळला नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथील ग्रामीण हवेल्या सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने 2020 मध्ये वसाहतवाद आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या 93 स्थळांची यादी जाहीर केली. त्याआधीपासूनच ‘कलोनियल कंट्रीसाइड’ या प्रकल्पात प्राथमिक शाळेतील मुले त्या हवेल्यांचा साम्राज्याशी असलेला संबंध शोधून त्यावर लिहीत होती. गदारोळ झाला, देशद्रोहाची भाषा झाली. तरी वहीत प्रश्न उतरले. गंमत अशी, की त्या हवेल्यांच्या हिशेबाची दुसरी बाजू आपल्याकडे आहे, सुरुलसारख्या गावांत.

आणि सुरुलला तर उत्तराचा पुढचा भागही हाकेच्या अंतरावर आहे. रवींद्रनाथांनी 1912 मध्ये येथील जुनी कुठी विकत घेतली. दहा वर्षांनी, 6 फेब्रुवारी 1922 रोजी, लेनर्ड एल्महर्स्ट या तरुण इंग्रज शेतीतज्ज्ञाला हाताशी धरून त्यांनी तेथे ग्रामपुनर्रचनेचे काम सुरू केले. तेच पुढे श्रीनिकेतन झाले. रवींद्रनाथ स्वतः जमीनदार होते. शिलाईदह आणि पतिसर येथील वडिलोपार्जित जमीनदारीचा कारभार पाहताना रयतेची कर्जे त्यांनी जवळून पाहिली होती. पतिसरला त्यांनी शेतकऱ्यांसाठी बँक काढली आणि नोबेल पारितोषिकाची रक्कम तिच्यात घातली. 1924 मध्ये खेड्यातील मुलांसाठी त्यांनी ‘शिक्षासत्र’ ही शाळा काढली. तिथे हाताचे काम आणि भोवतालचे गाव हाच अभ्यासाचा पाया होता. दप्तराविना शिकण्याची कल्पना आपण नव्याने शोधली, असे वाटणाऱ्यांनी श्रीनिकेतनला जरूर जावे. आमच्या वर्गाच्या कार्यक्रमात मात्र ते नव्हते. बसचे भाडे तासावर होते.

तरीही ती सहल वाया गेली नाही, याचे श्रेय इतिहासाच्या शिक्षिकेला. मुलांना तिने आठवडाभर आधी सांगून ठेवले होते, घरात जमिनीचा जुना कागद असेल तर त्याची झेरॉक्स आणा. छापील प्रश्न संपल्यावर तिने वर्गाला मंदिराजवळच्या झाडाखाली बसवले आणि कागद बाहेर काढायला सांगितले. बहुतेक कागद 1978 नंतरच्या बटाईदार नोंदणीचे निघाले. 1953 च्या कायद्याने जमीनदारी गेली; पण दुसऱ्याच्या शेतात अर्धेलीने राबणाऱ्याचे नाव कागदावर यायला त्यानंतर पाव शतक लागले. ‘ऑपरेशन बर्गा’त अशी सुमारे 14 लाख नावे नोंदली गेली. या मुलांचे आजोबा त्यांतले. त्या जमिनी याच घराण्याच्या होत्या असे नव्हे. पण वाडा आणि तो कागद यांतले नाते समजायला तेवढे पुरेसे होते.

एका मुलाने विचारले, ‘‘बर्गा म्हणजे ते बर्गीच का?’’ सगळे हसले. बंगालमधल्या प्रत्येक मुलाने ते अंगाईगीत ऐकलेले असते: मराठ्यांचे घोडेस्वार देशात आले आहेत, पाखरांनी धान्य खाल्ले आहे आणि आता सारा कोठून भरायचा, ही आईची चिंता. बर्गी म्हणजे 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतून बंगालवर चालून आलेले बारगीर. बर्गा म्हणजे पिकातला वाटा. शिक्षिकेने दोन्ही शब्द वेगळे करून सांगितले. मग म्हणाली, ‘‘तुझी चूक तशी फार मोठी नाही. दोन्हीकडे प्रश्न धान्य कोण नेणार, हाच आहे.’’

शेवटचा कागद एका मुलीने वाचला. तो तिचा नव्हता. शेजारच्या बाकावरील मैत्रिणीचा होता. बटाईदार म्हणून त्यावर मैत्रिणीच्या आजोबांचे नाव होते. सहलीची वर्गणी जमली नव्हती म्हणून ती मैत्रीण घरीच राहिली होती. कागद तेवढा तिने पाठवून दिला होता.