जंतू मरत नाही, तरी गोळी चालू

या आठवड्यात वाफेतून द्यायच्या टोब्रामायसिनबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण रत्नागिरीच्या एका आजींचं पत्र बाजूला ठेववत नाही. त्यांच्या अमेरिकेतल्या नातवाला सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात चिकट कफ साठत जाणारा आनुवंशिक आजार आहे. आठवड्यातून तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची गोळी, आणि तीही महिनोन् महिने. आजी विचारतात, ‘अशा फुप्फुसात ठाण मांडणारा स्यूडोमोनास हा जंतू या औषधाला दाद देत नाही, असं तुम्हीच लिहिलंत. मग पोराला गोळी कशासाठी देतात?’

आजी, प्रश्न बिनतोड आहे. त्याचं उत्तर जपानमध्ये सुरू होतं.

तिथे डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस नावाचा आजार आहे. बारीक श्वासनलिका सतत सुजलेल्या, वाटीवाटीने कफ, आणि शेवटी तिथेही स्यूडोमोनास ठाण मांडतो. रुग्ण हळूहळू खंगत जात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. शोजी कुदो यांच्या पाहण्यात असाच एक रुग्ण आला, पण हा चांगला सुधारलेला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, की दुसरे एक डॉक्टर त्याला दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम एरिथ्रोमायसिन देत होते. एवढ्याशा मात्रेने स्यूडोमोनासचा केसही वाकडा होत नाही. दुसरा कोणी ‘योगायोग’ म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळला असता. कुदोंनी तेच औषध इतर रुग्णांना देऊन पाहिलं. १९७०च्या दशकात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ६३ टक्के रुग्ण हयात असत. १९८५ नंतरच्या रुग्णांत हा आकडा ९१ टक्क्यांवर गेला. परक्या डॉक्टरच्या चिठ्ठीकडे इतक्या आदराने पाहणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

एरिथ्रोमायसिनच्याच कुळातलं अ‍ॅझिथ्रोमायसिन मग सिस्टिक फायब्रोसिसमध्ये वापरून पाहिलं गेलं. २००२ साली लंडनमध्ये मुलांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. २००३ साली अमेरिकेतल्या २३ केंद्रांमधल्या १८५ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून तीन दिवस, १६८ दिवस गोळी. ती घेणाऱ्यांची पहिल्या सेकंदात जोराने हवा बाहेर टाकण्याची क्षमता खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी सरस ठरली, आणि आजार उफाळणंही कमी झालं.

हे घडतं कसं? या मुलांच्या फुप्फुसाचं नुकसान एकटा जंतू करत नाही. त्याला मारायला धावून आलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त करतात. त्या इलास्टेज सोडतात, आणि ते श्वासनलिकेच्या भिंतीच कुरतडतं. मायलोपेरॉक्सिडेज या विकराच्या मदतीने त्या हायपोक्लोरस आम्ल तयार करतात. घरच्या ब्लीचमधला मारक घटक हाच. कफाचा हिरवा रंगही बराचसा या विकराचाच असतो. निरोगी फुप्फुसात हा मारा झेलायला ग्लुटाथायोन असतं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये जे प्रथिन बिघडलेलं असतं, ते क्लोराइडबरोबर ग्लुटाथायोनच्या वाहतुकीतही भाग घेतं. त्यामुळे इथे मारा जास्त आणि ढाल पातळ. ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात तो हाच. शिवाय मेलेल्या न्यूट्रोफिलांचा डीएनए कफात मिसळून तो आणखी चिकट होतो.

शिरेतून दिलेली जोरकस प्रतिजैविकं जंतूंची संख्या घटवतात, तेव्हा न्यूट्रोफिलही घटतात. पण दाह पूर्ण निवत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनची वाट वेगळी. ते पांढऱ्या पेशींमध्येच साठून राहतं आणि न्यूट्रोफिलांना बोलावणारे इंटरल्युकिन-८सारखे निरोप कमी करतं. प्रयोगशाळेत असंही दिसलं, की ते स्यूडोमोनासला मारत नसलं तरी जंतूंचं आपसातलं रासायनिक बोलणं बिघडवतं, आणि त्यांची विषारी द्रव्यं कमी होतात.

मात्र याला रामबाण समजू नये. २०१० साली स्यूडोमोनास नसलेल्या मुलांतली चाचणी प्रसिद्ध झाली; तिच्यात आजार उफाळण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण फुंकण्याची क्षमता वाढली नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तान्ह्या बाळांना तीन वर्षांची होईपर्यंत हे औषध दिलं. दाह कमी झाला, रुग्णालयातले दिवस कमी झाले, तरी श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचं थांबलं नाही. दाह कमी झाला म्हणजे इजा टळली असं धरून चालणं घाईचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आजी, एक गोष्ट नातवाच्या आईवडिलांना जरूर विचारा: गोळी सुरू करण्याआधी कफात क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद, म्हणजे इतर मायकोबॅक्टेरिया, नाहीत ना हे तपासलं होतं का, आणि तो तपास अधूनमधून पुन्हा होतो का? त्या जंतूंवर हेच मुख्य औषध आहे. ते एकटंच देत राहिलं, तर ते जंतू त्याला सरावतात आणि पुढे हाताशी फारसं काही उरत नाही. तपास होत असेल तर गोळी चालू राहू द्या, आपल्या मनाने बंद करायला सांगू नका. टोब्रामायसिन पुढच्या आठवड्यात.