यादीचा मथळा

तास चालू असताना वर्गाच्या दाराशी उभे राहावयाचे, प्राध्यापकांची अनुज्ञा घ्यावयाची, आणि हातातील फर्द डोळ्यांसमोर धरून ‘मागासवर्गीय शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी’ हा मथळा खणखणीत वाचून मग एकेक नाव पुकारावयाचे, असा आमच्या महाविद्यालयाचा शिरस्ता होता. आणि १९७४ साली कनिष्ठ कारकून म्हणून मी तेथे रुजू झालो तेव्हापासून, माझा आवाज मोठा असल्यामुळे, हे काम बहुधा माझ्याकडेच येत असे. नाव पुकारले की मुलगा उठे, सगळ्या वर्गाच्या नजरा अंगावर घेत बाकांमधून वाट काढी आणि कचेरीच्या खिडकीशी रांगेत येऊन उभा राही. रक्कम रोखीने मिळे आणि रेव्हेन्यू तिकिटावर सही घेतली जाई.

छत्तीस वर्षे दप्तरात काढलेल्या माणसाला कायदा दिसतो तो परिपत्रकाच्या रूपाने, आणि तोही बहुधा उशिरा. तरीही या यादीमागचा इतिहास मोठा आहे हे मला आमच्या जुन्या हेडक्लार्कांनी पहिल्याच वर्षी सांगितले होते. २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराज विलायतेत असतानाच, करवीर सरकारने संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला. परंतु शिकलेला उमेदवारच नसेल तर राखलेली जागा भरायची कोणी, हे महाराज जाणून होते, म्हणूनच त्या हुकुमाच्या मागेपुढे कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. पुढे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. तिचीच ही माझ्या हातातली यादी. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली पूर्वीच्या निजामी मुलखातील औरंगाबादेस मिलिंद अशी महाविद्यालये बाबासाहेबांनी उभारली. तेथे माझ्यासारखा कारकून असा मथळा वाचीत फिरत असेल काय, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

संविधान अमलात आले आणि सव्वा वर्षातच त्याची एक मोठी परीक्षा महाविद्यालयाच्या प्रवेशावरूनच झाली. मद्रास सरकार वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाच्या जागा जातवार वाटीत असे. त्याविरुद्ध चंपकम दोराईराजन या बाई न्यायालयात गेल्या, एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी रद्द ठरविली आणि जून महिन्यात संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून पंधराव्या अनुच्छेदास चौथे कलम जोडले. आज देशभर प्रवेशाच्या ज्या राखीव जागा दिसतात, त्यांच्या मुळाशी हे कलम आहे. (बाईंनी प्रवेशाचा अर्जच केलेला नव्हता, असे त्या खटल्यात निघाले. अर्जावाचून कोणाची दाद लागत नाही असे उभा जन्म खिडकीवर सांगत आलेल्या माझ्यासारख्याला याचा अचंबा अजून सरलेला नाही.) १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून शिक्षणसंस्थेत वा तिच्या वसतिगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. आमच्या दप्तरात असा नकार एकही सापडणार नाही. आम्ही प्रवेश कोणाला नाकारीतच नव्हतो.

१९७९ च्या सुमारास द्वितीय वर्ष विज्ञानाचा एक विद्यार्थी दुपारी कचेरीत आला. अंगावर इस्त्रीचा, पण कॉलरीशी विरलेला सदरा. टेबलाशी वाकून हलक्या आवाजात म्हणाला, “भाऊसाहेब, नावं वाचा, त्याला माझी ना नाही. फक्त वरची ओळ वाचू नका. नुसते हजेरी नंबर वाचलेत तरी आम्ही येतो.”

“अरे, सरकारी यादी आहे,” मी म्हणालो, “मथळ्याशिवाय यादी कशी वाचायची?”

तो काही बोलला नाही. अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर अशी नियमाबरहुकूम सही त्याने केली, नोटा दोनदा मोजल्या आणि गेला. पुढच्या हप्त्याच्या वेळी मी वर्गात नाव पुकारले तेव्हा तो समोर बसलेला असूनही उठला नाही. सायंकाळी कचेरीला कुलूप लावण्याच्या वेळेस एकटाच आला. त्यानंतर नेहमी तसाच येत राहिला. त्या दिवशी मी कोणत्याही कायद्याचा भंग केला नव्हता, आणि तीच गोष्ट मला आज अधिक बोचते.

नंतरच्या वर्षांत कायद्यांची भर पडत गेली, फडताळे भरत गेली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, मंडल आयोगाचे वादळ आले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निकालाने आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा घालून गेले. १९९५ च्या कायद्याने अपंग विद्यार्थ्यांसाठी तीन टक्के जागा राखल्या, ज्या २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात पाच टक्के झाल्या. १९९७ च्या निकालानंतर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या विशाखा समितीचा फलक लागला. यांतील पुष्कळसे मी बारनिशीत चढविले आणि विसरलो.

निवृत्तीनंतर, २०१९ च्या पावसाळ्यात, प्राचार्यांचा निरोप आला. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपामुळे गाजलेला, मुंबईतील निवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू मे महिन्यात झाला होता, आणि त्याच वर्षी त्यांच्या आणि हैदराबाद विद्यापीठातील दिवंगत विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आयांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती अस्तित्वात असलेले नियम तरी पाळले जावेत म्हणून. ते नियम म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समता-विनियम. समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी, सारे त्यांत होते, आणि आमच्या कचेरीत ते सात वर्षे दोरी न सोडलेल्या फायलीत होते. सूचनाफलकासाठी त्यांचा मराठी मसुदा करावयास मला बोलाविले होते.

तो करताना भेदभावाच्या प्रकारांशी आलो. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला तिष्ठत ठेवणे, भोजनालयात वेगळे बसविणे, आणि वर्गात विद्यार्थ्यांची जात पुकारणे, त्यांच्यावर राखीव प्रवर्गाचा शिक्का मारणे. या शेवटच्या बाबीचे मराठी मी चार वेळा लिहिले आणि चार वेळा खोडले. प्राचार्यांना ते शब्दांचे अडणे वाटले. त्यांनी चहा मागविला.

दुपारी शिपायाने तो कागद काचेच्या फलकात लावला. शेजारीच त्या वर्षीची प्रवेशयादी होती: अनुक्रमांक, नाव आणि तिसऱ्या रकान्यात प्रवर्ग. तो रकाना नसेल तर राखीव जागा खरोखर भरली की नाही हे तपासायचे कसे, हे मीच कितीकांना समजावून सांगितलेले. दोन मुली काचेवर बोट ठेवून नावे शोधीत होत्या. एकीचे बोट नावापाशी थांबले आणि मग हळूच उजवीकडे, तिसऱ्या रकान्याकडे सरकले.