दोन आणि बारा मिळून अठरा!

दोन आणि बारा मिळून किती? चौदा म्हणालात ना? बरोबर. पण हाच प्रश्न आयर्लंडमधल्या कॉर्क काउंटीतल्या एखाद्या मुलीला विचारा. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग.) ती पटकन सांगेल, अठरा! आणि तिचंही बरोबरच आहे.

ती बोलतेय गेलिक फुटबॉलबद्दल. हा आयर्लंडचा अगदी घरचा खेळ. एका बाजूला पंधरा खेळाडू. गोलाचे खांब असतात ‘एच’ अक्षरासारखे, म्हणजे दोन उंच खांब आणि मध्ये एक आडवी दांडी. चेंडू दांडीच्या खालून जाळ्यात गेला, तर गोल आणि तीन गुण. दांडीवरून, पण दोन खांबांच्या मधून गेला, तर साधारणपणे एक गुण. गोलाला हिरवं निशाण हलवतात, एका गुणाला पांढरं. फलकावर मात्र बेरीज करून लिहीत नाहीत. 2-12 असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ दोन गोल आणि बारा सुटे गुण. दोन त्रिक सहा, अधिक बारा, झाले अठरा! प्रेक्षकांतली चिमुरडी पोरंसुद्धा ही गणितं मनातल्या मनात भराभर करतात.

या खेळात चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चारच पावलं. मग चेंडूचा जमिनीवर एक टप्पा घ्यायचा, किंवा तो पायावर सोडून, चवड्याने उडवून पुन्हा हातात घ्यायचा. सलग दोन टप्पे चालत नाहीत. त्यामुळे एक टप्पा, एक चवडा, एक टप्पा, एक चवडा, असं करत पोरी वाऱ्यासारख्या पळतात.

मला नेहमी नवल वाटायचं, की एवढ्या वेगात हातातून सुटलेला चेंडू मागे कसा राहत नाही? याचं उत्तर तुम्हाला धावत्या रेल्वेगाडीत सापडेल. डब्यात बसून नाणं वर उडवा. ते तुमच्याच हातात परत पडतं, कारण गाडीचा वेग तुमच्यासारखा नाण्यालाही मिळालेला असतो. खेळाडूच्या चेंडूचंही तसंच. हातातून सुटला तरी तो तिच्याच वेगाने पुढे जात राहतो. तिने फक्त पायाची बोटं स्वतःकडे वळवून चवड्याने त्याला हलकेच वर उडवायचं. अंगणात करून बघा. आधी उभ्याने, मग चालत आणि मग पळत. पहिल्या दिवशी चेंडू शेजाऱ्यांकडे जाईल, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता गोष्ट स्पर्धेची. आयर्लंडच्या बायका-मुलींनी 1974 साली थर्ल्स नावाच्या गावात आपली स्वतःची गेलिक फुटबॉल संघटना स्थापन केली आणि त्याच वर्षी काउंट्यांमधली पहिली अजिंक्यपद स्पर्धाही भरवून टाकली! डरो नावाच्या छोट्याशा गावात अंतिम सामना झाला. टिपरेरीने ऑफलीला हरवलं, 2-3 विरुद्ध 2-2. करा बघू हिशोब. नऊ विरुद्ध आठ! 2-3 विरुद्ध 2-2 हा आकडा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

1997 साली अंतिम सामन्यात एक विचित्र प्रकार झाला. त्या काळी किती वेळ उरला, हे फक्त मैदानावरच्या पंचांच्या मनगटी घड्याळात दिसायचं. खेळ थांबला होता तेवढा वेळ भरून काढायला म्हणून त्यांनी सुमारे 12 मिनिटं जास्तीचा खेळ चालू ठेवला. मोनहन विरुद्ध वॉटरफर्ड असा सामना, आणि आता संपेल, मग संपेल म्हणत सगळे ताटकळलेले! शेवटी मोनहन जिंकलं. त्यानंतर संघटनेने उपाय शोधला. सगळ्यांना दिसेल असं, उलटं मोजणारं मोठं घड्याळ. खेळ थांबला की तेही थांबणार आणि वेळ संपली की भोंगा. पुरुषांच्या गेलिक फुटबॉलमध्ये असं घड्याळ आणि भोंगा यायला 2025 साल उजाडलं. बायका कितीतरी वर्षं पुढे होत्या!

भोंग्याची एक गंमत सांगू? डब्लिनच्या क्रोक पार्कचं मैदान जवळजवळ 145 मीटर लांब आहे. आवाज एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे एका टोकाला वाजलेला भोंगा दुसऱ्या टोकाच्या गोलरक्षकाला जवळजवळ 0.4 सेकंद उशिरा ऐकू येणार. घड्याळावरचं शून्य मात्र तिला लगेच दिसणार, कारण प्रकाशाला एवढ्या अंतराचं काहीच वाटत नाही.

आणि आता 2014 सालचा मोसम. अंतिम सामना याच क्रोक पार्कवर, लाल कपड्यांतलं कॉर्क विरुद्ध आकाशी निळ्या कपड्यांतलं डब्लिन. कॉर्क आधीच्या नऊ वर्षांत आठ वेळा जिंकलेलं होतं. त्यांचे प्रशिक्षक एमन रायन पूर्वी शाळेत शिकवायचे. संघात ब्रीज कॉर्करी होती. ती दगडी बांधकाम करायची आणि गाईही सांभाळायची. या खेळात कुणाला पगार मिळत नाही. दिवसभर आपापलं काम करायचं आणि संध्याकाळी सरावाला जायचं. ब्रीज आणि तिची मैत्रीण रीना बकली यांनी एकूण प्रत्येकी 18 अजिंक्यपदं मिळवली. त्यांतली 11 फुटबॉलची, आणि उरलेली सात कमोगी या काठी-चेंडूच्या खेळातली.

पण त्या दिवशी कॉर्कचं काहीच जुळत नव्हतं. 16 मिनिटं उरली, तेव्हा त्या 10 गुणांनी मागे होत्या. तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेक जण म्हणतील, धडाधड गोल मारू. पण जाळ्यासमोर गोलरक्षक असते आणि तिच्या मदतीला बचाव करणाऱ्या सगळ्या. दांडीवरून जाणारा चेंडू अडवणं त्यांना फार कठीण.

कॉर्कने दोन्ही केलं. उशिरा मैदानात उतरलेल्या दोन बदली खेळाडूंनी, रोना नी वूखला आणि ईमर स्कॅली यांनी, एकेक गोल मारला. झाले सहा. बाकीचे गुण एकेक करून दांडीवरून. मध्येच डब्लिनही गुण मिळवतच होतं, त्यामुळे अंतर कमी व्हायचं आणि पुन्हा थोडं वाढायचं. वरचं घड्याळ उलटं पळत होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं! शेवटी बरोबरी झाली आणि जेराल्डीन ओफ्लिनने चेंडू दांडीवरून धाडला. कॉर्क एका गुणाने पुढे. भोंगा!

डब्लिनच्या मुलींना किती वाईट वाटलं असेल! पुढची दोन वर्षंही त्या अंतिम सामन्यात कॉर्ककडूनच हरल्या. तरी त्या येतच राहिल्या आणि 2017 ते 2020 सलग चार वर्षं त्यांनी चषक नेला. त्यांतला 2019 चा अंतिम सामना बघायला 56,114 माणसं आली होती.

हो, आणि तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा आठवतोय ना? 2014 चा निकाल होता 2-13 विरुद्ध 2-12. वहीत त्याच्यावर 40 वर्षांपूर्वीचा निकाल लिहा, 2-3 विरुद्ध 2-2. आता एकाखाली एक नीट बघा.