पंचाने सही नाकारली तर

पुण्यात कुणी अपघाताने, आत्महत्येने किंवा संशयास्पद रीतीने गेलं, की पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. पोलिसांच्या बोलण्यातली ‘एडी’. मग होतो इन्क्वेस्ट पंचनामा. अधिकाऱ्याने मृतदेह एकट्याने पाहायचा नाही. त्या भागातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी सोबत हवेत. जखमा, मोडलेली हाडं, वळ, खरचटल्याच्या खुणा त्यांच्यादेखत टिपायच्या आणि त्या कशाने झाल्या असाव्यात तेही लिहायचं. सह्या कुणाच्या? अधिकाऱ्याची, आणि पंचांपैकी ज्यांना अहवाल पटला फक्त त्यांच्या. कायद्यातच तसं लिहिलंय! सदाशिव पेठेतला दुकानदार किंवा हडपसरचा रिक्षावाला वर्दीपुढे ‘हे मला पटत नाही’ म्हणून सही नाकारू शकतो. ही तरतूद पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थक्क झालो, आणि किती पंचांना ती ठाऊक असेल या विचाराने अस्वस्थही.

मुंबईत असे मृत्यू तपासायला कॉरोनर होता, १८७१ च्या कायद्यानुसार. ते पद १९९९ मध्ये संपलं. पुण्याला कॉरोनर कधीच नव्हता. इथे सगळी भिस्त पंचनाम्यावर. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आलं. पंच राहिले, त्यांची मुभाही राहिली. भर पडली ती मुदतीची: अहवाल चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे गेला पाहिजे.

पंचनामा फक्त एवढंच विचारतो, की हा माणूस वरकरणी कशाने गेला? कुणी मारलं, हा त्याचा प्रश्नच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सांगितलंय. त्वचेखाली काय झालं, ते शवविच्छेदन सांगतं. विषाचा संशय असला की डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात: जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड. बरण्यांमध्ये असतं साधारणपणे मिठाचं संपृक्त पाणी. फॉर्मेलिन चालत नाही, कारण त्याने विषाच्या चाचण्या बिघडतात. लोणचं टिकवणारं मीठच इथे पुरावा टिकवतं! बरण्यांना सील लागतं आणि त्या गणेशखिंडीतल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात.

पण मृत्यू कोठडीत झाला तर? तिथे पोलिसांच्या तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी करायची. ही सक्ती २००६ पासून लागू आहे, आता ती कलम १९६ मध्ये आहे. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवायचं, चौकशीला हजरही राहू द्यायचं. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा अशीच चौकशी झाली आणि तिने पोलिसांना जबाबदार धरलं. मग प्रश्न उभा राहिला, की पुढे काय? कलम १९६ चौकशी करायला सांगतं, पण अहवाल हाती आल्यावर कुणी काय करायचं हे सांगत नाही. ही केवढी मोठी उणीव! जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तिथेही तो आदेश कायम राहिला.