सोडतीतून शाळेची पारख

सावर्डे हे मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे ते शिक्षणाचं गाव म्हणूनही ओळखलं जातं. कोकणातल्या कुठल्याही पालकांप्रमाणे इथल्याही आईबापांना प्रश्न पडतो: वाडीतली मराठी शाळा बरी, की इंग्रजी माध्यमाची? या साध्या प्रश्नाने भलेभले संशोधक चकतात. खासगी शाळेतलं पोर पुढे गेलं, तर श्रेय शाळेचं, की फी भरणाऱ्या आणि रोज वही बघणाऱ्या घराचं? निकालाच्या तक्त्यात दोन्ही एकजीव झालेलं असतं.

ते सुटं करायची युक्ती थक्क करणारी आहे. सगळं नशिबावर सोडायचं! कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी आंध्र प्रदेशातल्या १८० गावांत हेच केलं. आधी गावांची सोडत, मग निवडलेल्या गावांत अर्जदार मुलांची. नाव निघालं त्याची खासगी शाळेची फी प्रकल्पाने भरायची. अर्ज तर सगळ्यांनीच केलेला, म्हणजे हौस तीच, घरंही तशीच. फरक फक्त चिठ्ठीचा. आणि गावांची सोडत कशासाठी? काही मुलं निघून गेल्यावर सरकारी शाळेत उरलेल्यांचं काय होतं, हे योजना न मिळालेल्या गावांशी ताडून पाहता यावं म्हणून. मला तर खरी कमाल इथेच वाटते.

चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं बरोबरीत! हिंदीत मात्र खासगीवाली पुढे. उरलेल्यांचंही नुकसान दिसलं नाही. शिवाय खासगी शाळा तेलुगू-गणिताला वेळ कमी देत होत्या आणि त्यांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक-तृतीयांशाहून कमी होता. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना हवं तेवढं सापडलं, नको तेही.

कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) निवडीचा प्रश्नच मुळातून काढायचं सुचवलं होतं: परिसरातली सगळी मुलं एकाच शेजारशाळेत. ते घडलं नाही. आज शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी महाराष्ट्रात सोडत निघते. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट देणारा नियम २०२४मध्ये आला. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

कोकणात मात्र हिशेब आणखी अवघड होतो. पट विसाच्या आत आला की शाळाच राहील का, असा प्रश्न उभा राहतो. दोन घरांनी दुसरी शाळा निवडली, तर तिसऱ्या घराला निवडायला काही उरतं का, हे आंध्रातल्या गावांवरून कोकणातल्या वाडीला सांगता येत नाही.