तारीख असलेली पावती

बारावीचा निकाल लागला, की तलवाड्यात दाखल्यांची धावपळ सुरू होते. चुलत भावाला डोमिसाइल हवं होतं, म्हणून त्याच्यासोबत मीही सेतू केंद्राच्या रांगेत. डोमिसाइलचं पूर्ण नाव वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र. पावतीवर मुदत होती पंधरा दिवस. "एवढे? तोवर ॲडमिशन होऊन जातील की!" भाऊ वैतागला.

ही मुदत आपल्याला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे मिळते. विनाकारण उशीर झाला तर अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पण पावतीवरच्या 'राष्ट्रीयत्व' या शब्दासाठीच जे थांबलेत, त्यांचं काय?

पाकिस्तानातून आलेली सिंधी हिंदू कुटुंबं आपल्याकडे नागपूर, जळगाव, उल्हासनगरात राहतात. आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा, मग त्याचं नूतनीकरण, मग पुन्हा नूतनीकरण. नागरिकत्व कायद्याच्या साध्या नियमाने अर्जाआधीचं सलग एक वर्ष आणि त्यापूर्वीच्या १४ वर्षांतली ११ वर्षं भारतात काढलेली असावी लागतात. हे फक्त अर्ज करण्यापुरतं हं! निर्णयाचा वेळ वेगळा. तोपर्यंत मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही, एमपीएससी नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या बिगरमुस्लिम अल्पसंख्याकांसाठी ११ वर्षांची ५ झाली. मुस्लिमांना का वगळलं, यावर देशभर आंदोलनं झाली आणि तो प्रश्न मलाही रास्त वाटतो. पण ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांनाही तो लगेच मिळाला नाही. तेव्हा मी अकरावीत होते. नियम जाहीर झाले ११ मार्च २०२४ ला, मी टीवायला होते! दिल्लीत पहिल्या १४ जणांना प्रमाणपत्रं मिळाली, तोवर मे उजाडला.

निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, आणि आपल्याकडे आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. म्हणजे मुदत मागायची तरी कुठल्या कलमाखाली? अर्थात नुसत्या कलमानेही भागत नाही. अमेरिकेत आश्रयाचा अर्ज साधारण १८० दिवसांत निकाली काढावा असं कायदा सांगतो. तिथल्या इमिग्रेशन कोर्टांत ३० लाखांवर प्रकरणं तुंबली आहेत.

हिवाळ्यात ज्यांच्याकडे आपण घासाघीस करून स्वेटर घेतो, त्या तिबेटींचं तर आणखी निराळं. त्यांची एक वसाहत आपल्याच राज्यात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे. नाव नोर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ दरम्यान भारतात जन्मलेली व्यक्ती कायद्याने जन्मतःच भारतीय. तरी १९८६ मध्ये इथेच जन्मलेल्या नामग्याल डोल्कर या तिबेटी तरुणीला पासपोर्टसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१० मध्ये ती जिंकली. बाकीच्यांना मात्र त्याच मुद्द्यावर पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली, तो निकाल २०१६ चा. पहिल्या निकालाची बातमी वाचून ज्याने लगेच अर्ज केला असेल, त्याची ही सहा वर्षं कुठल्या पावतीवर लिहायची?

भावाचा दाखला बाराव्या दिवशी आला. नावात एक वेलांटी चुकलीय. आता पुन्हा रांग.