विरलेली टाच

मी प्रयोगशाळेत सायकलनं जातो. माझे लोकरी मोजे टाचेवरच विरतात. घोट्यापाशी नव्यासारखे राहतात. विरलेली टाच उजेडासमोर धरली, तर एक बारीक जाळी दिसते. ती नायलॉनची. लोकरी मोज्यांत बहुधा थोडं नायलॉन मिसळलेलं असतं. लोकर झिजून गेली, ते उरलं.

मग लोकर कमकुवत का? तसं नाही. लोकरीतलं केराटिन हे प्रथिन स्प्रिंगसारखं वेटोळ्यांचं असतं. ताणलं की वेटोळी उलगडतात, सोडलं की पूर्ववत होतात. म्हणून मोजा पायाला धरून राहतो. पण ताण सोसणं वेगळं, घासणं सोसणं वेगळं. पेडल मारताना टाच बुटात घासत राहते आणि तंतू तुटत जातात. घामानं भिजलेली लोकर तर आणखी अशक्त होते. (सुताचं उलट, ते ओलं असताना अधिक बळकट!)

गंमत म्हणजे, कॅरोथर्स यांनी १९३५ साली बनवलेल्या नायलॉनमध्ये आणि केराटिनमध्ये साखळीचे दुवे जोडणारा बंध एकच आहे, अमाइड बंध. फरक मांडणीचा. नायलॉनच्या साखळ्या वेटोळी न घालता सरळ, एकमेकींना लागून बसतात.

वर्गात असा जुना मोजा आणा. घोट्याचा आणि टाचेचा धागा चिमट्यात धरून तुम्ही स्वतः जाळून दाखवा. जळक्या केसांचा वास कुठे जास्त येतो, वितळून कडक मणी कुठे होतो, ते मुलांना सांगू द्या.